‘बीप’ वाजण्याआधी

रुग्णालयात बारकोड आणायचं ठरलं की पहिली खरेदी स्कॅनरची होते आणि तिथेच कामाचा क्रम उलटा पडतो. या सगळ्या साखळीत स्कॅनर सर्वांत कमी त्रास देतो. त्रास देते ती वस्तूंची यादी, म्हणजे आयटम मास्टर. म्हणून आम्ही सुरुवातीचे काही आठवडे स्कॅनर कपाटातच ठेवतो आणि भांडाराची यादी उघडून बसतो.

यादीत एकच वस्तू चार नावांनी सापडते. ‘सिरिंज ५ एमएल’, ‘५ मिली सिरिंज’, ‘डिस्पो सिरिंज ५’, ‘सिरिंज ५ सीसी लूअर लॉक’. पहिल्या तीन खरोखर एकच निघतात. चौथी मात्र वेगळी असते, कारण फिरवून बसवायचं लूअर लॉक आणि नुसतं दाबून बसवायचं लूअर स्लिप एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. नाव पाहून जोड्या लावणाऱ्याने चारही एकत्र केल्या असत्या. त्यामुळे नियम एकच: यादी साफ करायची ती खोका हातात घेऊन, संगणकासमोर बसून नव्हे. हे काम कंटाळवाणं आहे, माणसं टाळतात. पुढे जे बिघडतं त्यातलं निम्मं इथे टाळलेल्या कामामुळे बिघडतं, असं आमचं मत आहे.

किराणा दुकानातल्या च्युइंगमच्या पाकिटावर २६ जून १९७४ रोजी पहिल्यांदा वाचला गेलेला बारकोड ‘ही वस्तू कोणती’ एवढंच सांगायचा. रुग्णालयाला तेवढ्यावर भागत नाही. कोणत्या बॅचची, कधी मुदत संपणारी, आणि महागडी असेल तर नेमकी कोणती एक, हेही हवं असतं. जीएस१ या संस्थेच्या मानकांत वस्तूची ओळख जीटीआयएन या क्रमांकाने होते. तो डेटाबेसमध्ये कायम १४ अंकी ठेवायचा. खोक्यावर १३ अंकी छापला असेल तर पुढे एक शून्य लावायचं.

इथेच पहिली माती होते. पुरवठादाराची यादी एक्सेलमध्ये उघडली की पुढचं शून्य गळतं आणि क्रमांक ‘९.५२१२३ई+१२’ असा दिसू लागतो. फाइल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मागचे अंक परत येत नाहीत. तो स्तंभ आयात करतानाच ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. आणि आलेल्या प्रत्येक क्रमांकाचा तपास अंक, म्हणजे बाकीच्या अंकांवरून काढलेला शेवटचा अंक, पडताळायचा. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या ९५२ या मालिकेतला ९५२१२३४५४३२१३ हा क्रमांक घ्या. शेवटचा ३ बाजूला ठेवा. उरलेल्या अंकांना उजवीकडून आळीपाळीने ३ आणि १ ने गुणा आणि बेरीज करा. ती येते ७७. पुढचा दहाचा पट ८०, फरक ३. जुळलं.

आता याच वस्तूच्या मोठ्या खोक्याला उत्पादक पुढे १ लावून १४ अंकी क्रमांक देतो तेव्हा तपास अंक नव्याने काढावा लागतो. पुढच्या १ चे तीनपट ३, बेरीज ८०, म्हणून शेवटी शून्य: १९५२१२३४५४३२१०. कुणी हाताने नुसता १ चिकटवून शेवटचा ३ तसाच ठेवला तर तो क्रमांक जगात कुठल्याच खोक्यावर नसतो. मास्टरमध्ये मात्र तो गुपचूप बसून राहतो आणि स्कॅन कधीच जुळत नाही.

वेष्टनाचा प्रत्येक थर म्हणजे वेगळा जीटीआयएन. गोळ्यांची पट्टी, दहा पट्ट्यांचा खोका, खोक्यांचं कार्टन हे तीन क्रमांक आहेत. मास्टरमध्ये प्रत्येकासमोर ‘यात मूळ एकक किती’ हा आकडा लिहावा लागतो. तो राहिला आणि खोक्यासमोर १ पडलं तर भांडारात शंभर गोळ्या आल्या तरी साठ्यात एकच चढते. उलट्या बाजूने वॉर्डने एक पट्टी घेतली आणि संगणकाने खोका वजा केला की साठा उणे जातो. उणे साठा दिसला की लोक चोरीचा संशय घेतात. आधी हा आकडा बघावा.

मग स्कॅनर बाहेर काढायचा. पण वॉर्डात न्यायचा नाही, आधी टेबलावर तपासायचा. नोटपॅड उघडून औषधाच्या खोक्यावरचा डेटामॅट्रिक्स, म्हणजे तो चौकोनी ठिपक्यांचा कोड, वाचून बघायचा. छापील मजकुरात कंस दिसतात: (०१) नंतर जीटीआयएन, (१७) नंतर एक्स्पायरी, (१०) नंतर बॅच, (२१) नंतर अनुक्रमांक. हे कंस फक्त माणसासाठी असतात, कोडच्या आत ते नसतात. आत अंकांची अखंड माळ असते आणि कुठे तोडायचं हे लांबीवरून ठरतं. जीटीआयएनचे १४ अंक ठरलेले, तारखेचे ६ ठरलेले. बॅच आणि अनुक्रमांक मात्र जास्तीत जास्त २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकतात. म्हणून बॅचनंतर आणखी काही येणार असेल तर मध्ये एक अदृश्य विभाजक खूण लागते.

स्कॅनर कीबोर्डसारखा जोडलेला असेल तर ही खूण नेमकी वाटेत गळते. समजा बॅच ‘एबी४२१७’ आणि अनुक्रमांक ‘५५६६’. खूण गळाली की संगणकाच्या हातात ‘१०एबी४२१७२१५५६६’ एवढीच माळ येते. आता बॅच कुठे संपली? अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर ‘एबी४२’ नंतरच्या १७ ला एक्स्पायरीची खूण समजतं आणि २१५५६६ ही तारीख वाचायला जातं: साल २१, महिना ५५. तिथे ते निदान अडखळतं तरी. खरा धोका अडखळत नाही तेव्हा असतो. बॅच आणि अनुक्रमांक चिकटून एकच लांब बॅच म्हणून साठवले जातात, त्याच बॅचचा प्रत्येक नग वेगळ्या बॅचचा दिसू लागतो आणि हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ती खूण पुढे पाठवायला सांगणं, किंवा तिच्या जागी एखादं दृश्य चिन्ह पाठवायला लावणं, हा उपाय पाच मिनिटांचा आहे. मात्र प्रत्येक स्कॅनरवर करायचा, बदली आलेल्यावरसुद्धा. तिथेच तो राहतो.

याच टेबलावर आणखी दोन गोष्टी बघून घ्यायच्या. कॅप्स लॉक चालू असताना वाचलं तर काही स्कॅनर मोठी अक्षरं लहान पाठवतात आणि बॅच जुळत नाही. संगणकाची कीबोर्ड-भाषा स्कॅनरच्या सेटिंगपेक्षा वेगळी असेल तर अक्षरंच बदलतात. दुसरं, एक्स्पायरीत दिवसाच्या जागी ०० असू शकतं. २७०६०० म्हणजे ३० जून २०२७, महिन्याचा शेवटचा दिवस. जुनी सॉफ्टवेअर ही तारीख ‘चुकीची’ म्हणून परत फेकतात. मग फार्मसीतला माणूस कंटाळून हाताने १ जून टाकतो आणि चांगलं औषध २९ दिवस आधी कचऱ्यात जातं.

एका खोक्यावर तीन-चार बारकोड असणं नेहमीचंच. उत्पादकाचा, पुरवठादाराचा स्वतःचा, वाहतूकवाल्याचा. हात जवळच्या कोडकडे जातो. यावर प्रशिक्षण फारसं टिकत नाही, यंत्रालाच ओळखायला लावावं लागतं. स्कॅनर माळेच्या आधी कोडचा प्रकार सांगणारी तीन अक्षरी खूण पाठवू शकतो. ती चालू केली की जीएस१ चा नसलेला कोड प्रणाली तिथल्या तिथे नाकारते. अर्थात काही कोड जीएस१ चे नसूनही बरोबर असतात. काही वैद्यकीय उपकरणांवर एचआयबीसी पद्धतीचा कोड असतो, तो अधिकच्या चिन्हाने सुरू होतो. रक्ताच्या पिशव्यांवर आयएसबीटी १२८ असतो. हे आपल्या मनाने जीएस१ मध्ये ‘रूपांतरित’ करायचे नाहीत. त्यांच्या मानकाप्रमाणे वाचायचे आणि तसेच साठवायचे.

माल येतो त्या दारात शिस्त सर्वांत कडक हवी. कार्टनवरच्या (०२) या खुणेचा अर्थ ‘आत असलेल्या वस्तूचा जीटीआयएन’ आणि (३७) म्हणजे आतली संख्या. (०२) ला (०१) समजून वाचलं की कार्टनलाच वस्तू मानलं जातं. पॅलेटवर (००) ने सुरू होणारा १८ अंकी क्रमांक असतो. पुरवठादाराने आधी संगणकावर पाठवलेल्या चलनात तोच असेल तर एका स्कॅनमध्ये आख्खी यादी समोर येते. नसेल तर तो नुसता आकडा.

पण दारातली खरी कसोटी अनोळखी जीटीआयएनची. उत्पादक बदलतो, कधी त्याच उत्पादकाचं वेष्टन बदलतं, आणि नवा क्रमांक न सांगता येऊन पडतो. अनोळखी क्रमांकाची वस्तू मास्टरशी आणि औषध असेल तर औषधकोशातल्या घटकाशी, ताकदीशी जोडल्याशिवाय रॅकवर चढू द्यायची नाही. घाईत चढवली की ती वस्तू रात्री दोन वाजता सिस्टरच्या हातात येते आणि स्कॅनर म्हणतो, ‘हे औषध या रुग्णाला लिहिलेलं नाही’. औषध बरोबर असतं. बेडपाशी हुकलेला स्कॅन बहुतेक वेळा दारात राहून गेलेल्या कामाचा उशिरा आलेला निरोप असतो.

जागांना क्रमांक देणं सोपं, फक्त उत्साह आवरावा लागतो. जीएलएन हा १३ अंकी क्रमांक भांडार, फार्मसी, ओटी (ऑपरेशन थिएटर) अशा जागांना, आणि त्याला (२५४) ची पुरवणी जोडून आतल्या फ्रिजला किंवा रॅकला देता येते. ‘ती वस्तू कुठे होती’ हा प्रश्न ज्या पातळीवर कधीच पडणार नाही, तिथे क्रमांक नको. फ्रिजच्या प्रत्येक कप्प्याला क्रमांक दिला तर कप्पे महिन्याभरात अदलाबदल होतात.

आता मनगटपट्टी. रुग्णासाठी जीएस१ चा जीएसआरएन हा १८ अंकी क्रमांक, खूण (८०१८). पट्टीवर रेघांचा बारकोड आडवा छापला तर लहान मनगटाभोवती वळून त्याचं एक टोक दिसेनासं होतं आणि बाळाच्या बाबतीत तर काहीच वाचता येत नाही. म्हणून डेटामॅट्रिक्स, तोही पट्टीवर अनेकदा छापलेला, म्हणजे हात कसाही असला तरी एखादा वर येतो. झोपलेल्या रुग्णाचा हात फिरवावा लागला की सिस्टर पुढच्या वेळी स्कॅन करत नाही, हे गृहीत धरूनच पट्टी आखायची.

छपाईत गणित आहे आणि ते टाळता येत नाही. २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. कोडचा एक चौकोन पूर्ण ठिपक्यांतच बसला पाहिजे. तीन ठिपके घेतले तर ०.३७५ मिमी. २४ बाय २४ चौकोनांचा कोड ९ मिमीचा होतो आणि चारही बाजूंनी एकेका चौकोनाची मोकळी जागा धरून ९.७५. कोड चित्र म्हणून टाकून कोपरा ओढून ‘बसवला’ की काही चौकोन तीन ठिपक्यांचे, काही चारचे होतात. फोन तो वाचतो, वॉर्डातला स्कॅनर अडतो. फोनने वाचला म्हणजे चांगला, ही समजूत सोडा. छपाईची प्रत मोजायला आयएसओ/आयईसी १५४१५ हे मानक आहे, ४ पैकी किमान १.५ मिळायला हवेत. प्रिंटहेडचा एखादा ठिपका मेला की प्रत्येक लेबलवर त्याच जागी बारीक पांढरी रेघ येते. ती दिसली की सॉफ्टवेअर तपासत बसू नये, हेड पुसावं किंवा बदलावं. उष्णतेने काळा होणारा साधा थर्मल कागद सॅनिटायझरच्या अल्कोहोलने काळवंडतो किंवा पुसट होतो. पट्टीसाठी वरून संरक्षक थर असलेलाच घ्यायचा.

पट्टीची सर्वांत मोठी अडचण मात्र छपाईची नाही. ती आहे जादा पट्टी. रुग्णाला उठवायला नको म्हणून दुसरी प्रत छापून औषधांच्या ट्रॉलीला, फाइलला, दाराला चिकटवली जाते आणि तीच स्कॅन होते. संगणकाच्या लेखी रुग्ण तपासला गेला. प्रत्यक्षात तपासला गेला तो दरवाजा. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारकोड-औषध पद्धतीतल्या अशा १५ प्रकारच्या पळवाटा आणि त्यामागची ३१ कारणं नोंदली आहेत. ती कारणं वाचताना जाणवतं की त्यात आळस फार कमी, अडचण जास्त. यावर तांत्रिक इलाज आहे. पट्टीत (८०१९) या खुणेखाली प्रत-क्रमांक घालायचा आणि नवी पट्टी छापली की जुनी बाद करायची. म्हणजे दारावरची प्रत चालू झाली तर हातातली बंद पडते आणि लबाडी पहिल्याच खेपेला उघडी होते. आधीपासून हे करून ठेवलं तर पुढची बरीच भाषणं वाचतात.

बेडपाशी क्रम असा: स्वतःचं ओळखपत्र, रुग्णाची पट्टी, औषध, मग डोळ्यांनी पडद्यावरची मात्रा, मग देणं, मग नोंद. औषध पट्टीतून काढण्याआधी स्कॅन करायचं. गोळी वाटीत पडली की ती अनामिक होते. अर्धी गोळी द्यायची असली तरी कोड आख्ख्या गोळीचाच वाचला जातो. ‘बीप’ बरोबर वाजतो आणि मात्रा दुप्पट जाऊ शकते. म्हणून मात्रेचा आकडा प्रणालीने विचारलाच पाहिजे. बऱ्याच पट्ट्यांवर कोड एकाच कोपऱ्यात असतो. तो कोपरा पहिल्या गोळीबरोबर कापला गेला की उरलेल्या नऊ गोळ्यांना ओळख नाही. तिथे फार्मसीने एकेक मात्रेची पुडी करून लेबल लावायचं, ज्यावर बॅच आणि एक्स्पायरी दोन्ही कोडमध्ये असतील, नुसतं नाव नाही. हे लेबल लावतानाही मूळ पट्टी स्कॅन करूनच छापायचं. हाताने निवडून छापलेलं चुकीचं लेबल पुढे प्रत्येक स्कॅनमध्ये ‘बरोबर’ ठरत जातं, आणि बारकोड पद्धतीत याहून वाईट चूक आम्हाला ठाऊक नाही.

एवढं सगळं केल्यावर मिळतं काय? बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेळेच्या चुका वगळता औषध देण्यातल्या चुका बारकोड नसलेल्या ठिकाणी ११.५ टक्के आणि असलेल्या ठिकाणी ६.८ टक्के होत्या. म्हणजे उरल्या त्याही कमी नाहीत.

न वाचले जाणारे कोड कुठे सापडतात तेही ठरलेलं आहे. चकचकीत फॉइलवर प्रकाश परततो, स्कॅनर थोडा तिरपा धरावा. फ्रिजमधून काढलेल्या व्हायलवर दव धरतं, पुसल्याशिवाय वाचत नाही. पारदर्शक सलाइन पिशवीमागे पांढरा कागद धरावा लागतो. आणि जंतुनाशकाने रोज पुसून पुसून स्कॅनरची काचच धुरकट होते. त्याचा दोष सगळे लेबलला देतात.

ओटीत इम्प्लांटचं निर्जंतुक बाहेरचं वेष्टन उघडण्याआधी स्कॅन व्हायला हवं, नंतर ते कचऱ्यात जातं. अमेरिकेने २०१३ च्या नियमाने आणि युरोपीय संघाने २०१७/७४५ या नियमावलीने उपकरणांना यूडीआय, म्हणजे उपकरण ओळखायचा एकमेव कोड, सक्तीचा केला. त्यात वस्तूची ओळख आणि बॅच-एक्स्पायरी-अनुक्रमांक असे दोन भाग असतात. फक्त पहिला भाग नोंदणाऱ्या प्रणाली अजून दिसतात. त्यांच्याकडून ‘कोणत्या रुग्णात कोणता नग’ याचं उत्तर येत नाही. ट्रेमध्ये सुटे येणारे हाडांचे स्क्रू मात्र अवघड आहेत. इतक्या लहान धातूवर कोड कोरला तरी १३४ अंश सेल्सियसच्या वाफेत पुन्हा पुन्हा गेल्यावर त्याचा उठाव जातो आणि वाचायला खास प्रकाशाचा स्कॅनर लागतो. तिथे ट्रेलाच क्रमांक देऊन, वापरलेल्या जागी नवा स्क्रू भरताना त्याच्या पाकिटाचा स्कॅन घेणं हाच व्यवहार्य मार्ग.

सगळं नीट बसलंय का हे बघायला आम्ही लुटुपुटीचा रिकॉल करतो, म्हणजे एखादी बॅच सदोष निघाली असं मानून ती परत मागवून बघतो. एक बॅच चिठ्ठीवर लिहायची, घड्याळ लावायचं आणि तीन प्रश्न विचारायचे: किती आले, आत्ता कुठे किती पडून आहेत, कोणकोणत्या रुग्णांना गेले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झटकन येतं. दुसऱ्यावर लोक उठून रॅककडे चालू लागतात. तिसऱ्यावर बऱ्याच ठिकाणी शांतता. कारण बॅच दारात स्कॅन झाली, पण भांडारातून वॉर्डला देताना झाली नाही. संगणकाने ‘जुना माल आधी’ या नियमाने आपणच एक बॅच वजा केली. कागदावर बॅच आहे, पण ती अंदाजाची आहे, आणि अंदाजाच्या बॅचवर रुग्णाला फोन करता येत नाही. म्हणून देताना आणि वापरताना, दोन्ही वेळी स्कॅन. यातलं एकच करायची ताकद असेल तर वापरतानाचा ठेवावा.

रोज सकाळी आदल्या दिवसाचे डावलले गेलेले स्कॅन छापून घ्यायचे. कारण लिहायला मोकळी जागा ठेवू नका, तिथे नुसता टिंब सापडतो. पाच-सहा ठरावीक कारणं द्या: कोड फाटला, कोड नाही, औषध अनोळखी, मनगटपट्टी वाचत नाही, तातडी, स्कॅनर बंद. ही यादी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरकडे पाठवायची नाही. तशी पाठवली की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांपुढे ‘तातडी’ येतं. ती जाते मास्टर सांभाळणाऱ्याकडे, आणि त्याने ‘अनोळखी’ समोरचे सगळे जीटीआयएन त्याच दिवशी जोडून टाकायचे असतात.